परगांवची नोट

खिशांतील नोट कोठेंहि चालेल, असें आपण गृहीत धरतों. पूर्वीं तसें नव्हतें. १८६१ च्या कायद्यानें सरकारी नोटा निघाल्या. कलकत्ता, मुंबई व मद्रास असे विभाग पडले. कलकत्त्याची नोट मुंबईस कायदेशीर चलन नव्हती; सावकार ती नाकारी, नाहीं तर बट्टा कापी. १९०३ सालीं ब्रह्मदेश वगळून पांचांची, १९१० सालीं दहा व पन्नासांची आणि १९११ सालीं शंभरांची नोट सर्वत्र ग्राह्य झाली.

कायदेशीर चलन म्हणजे कर्ज फेडतांना धनकोस नाकारतां न येणारा पैसा. त्यासहि मर्यादा असते. २०११ च्या कायद्यान्वयें रुपया व त्यावरील नाणीं हजार रुपयांपर्यंतच घेणें बंधनकारक आहे. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीं पांचशें व हजारांच्या तेव्हांच्या नोटांचा हा अधिकार गेला, तेव्हां घरोघरच्या डब्यांतील शिल्लक घेऊन माणसें बँकेच्या दारीं उभीं राहिलीं.