कलावंताचा मालक कोण?

गवयाला ताप भरला तर डॉक्टरचे पैसे कोणी द्यायचे? प्रश्न साधा दिसतो. गिरणीतल्या कामगाराबद्दल विचारला तर त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते: थोडे त्याने द्यायचे, थोडे मालकाने. पण जो आज एका मैफलीत गातो, उद्या दुसऱ्या गावी जातो आणि पुढचा महिनाभर घरीच बसतो, त्याचा मालक कोण म्हणायचा? चित्रकाराचा कोण? कथा लिहून पोट भरणाऱ्याचा कोण? हा गुंता सोडवायला युरोपात जवळजवळ अडीचशे वर्षे लागली. ती हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही, म्हणून ती आज सांगावी म्हणतो.

सुरुवात लंडनमध्ये होते. हॉलंडहून आलेला किच नावाचा एक वादक तिथे ओबो वाजवीत असे. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या कुळातले वाद्य. एके काळी या किचला एवढी मागणी होती, की एकाच संध्याकाळी दोन-तीन बड्या घरी त्याची वर्दी असे. पण मागणी ओसरली, पैसा राहिला नाही, आणि एके दिवशी सकाळी तो सेंट जेम्स बाजारात मरून पडलेला आढळला. पुढे १७३८ च्या सुमारास हेमार्केट रस्त्यावरच्या ऑरेंज कॉफीगृहाच्या दारात तिघे वादक उभे होते. फेस्टिंग हा व्हायोलिनवाला, वाइडमान हा बासरीवाला आणि तिसरा व्हिन्सेंट. समोरून दोन पोरगी दुभत्या गाढविणी हाकीत चालली होती. नीट पाहतात तो ती किचचीच मुले!

गाढविणीचे दूध तेव्हा लंडनमध्ये दारोदार विकत, आणि ते घेत कोण? तर क्षयाने खंगलेले रोगी. आपल्याकडेही तान्ह्या मुलाला ते पाजण्याची जुनी समजूत आहेच. म्हणजे ज्या वादकाला दुखण्याखुपण्यात कोणी विचारले नाही, त्याची मुले परक्या आजाऱ्यांसाठी औषध वाहत होती. तिघांनाही ते पाहवले नाही. त्यांनी वर्गणी जमवली, आणि त्यातूनच ‘खंगलेले वादक व त्यांची कुटुंबे’ यांच्यासाठी एक फंड उभा राहिला. दर तिमाहीला अर्धा क्राऊन, म्हणजे अडीच शिलिंग भरायचे, आणि हात थकले की त्यातून मदत मिळायची. पहिल्या सभासदांत प्रत्यक्ष हॅण्डेल होता. त्याने फंडासाठी जलसे केले आणि १७५९ साली मरताना मृत्युपत्रात त्याला १,००० पौंड ठेवले. १७९० मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने संस्थेला सनद दिली. ही संस्था आजही लंडनमध्ये चालू आहे.

छान झाले, असे आपण म्हणाल. झाले खरे, पण कोणाचे? जो सभासद त्याचे. बायकांना तर या संस्थेत जागाच नव्हती. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या स्त्रियांना १८३९ साली आपली वेगळी संस्था काढावी लागली, आणि दोन्हींचा मिलाफ व्हायला १८६६ साल उजाडले. शिवाय फंडाची तिजोरी भरायची कशाने? बहुतांशी जलशांनी आणि देणग्यांनी. ती मदत होती, हक्क नव्हता.

मदतीचे खेळ आपल्यालाही परके नाहीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ‘मानापमान’चा प्रयोग केला. तो टिळक स्वराज्य फंडासाठी होता, आणि त्याच्या आठवणी पुढे कित्येक वर्षे लोक सांगत राहिले. तिकिटांवर लोक तुटून पडले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. नटाला गर्दी जमवता येते ती तो उभा असेपर्यंत, हो की नाही? अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नावाने एक खेळ होईल, फार तर दोन. दुखणे लांबले म्हणजे लोकही कंटाळतात.

आता आपण जर्मनीत जाऊ. १८८३ साली बिस्मार्कने कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. बिस्मार्क काही मजुरांच्या कळवळ्याने वितळणारा गृहस्थ नव्हता. समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यावी हा त्यात मोठा हिशेब होता. पण कायदा झाला. हप्त्याचे दोन भाग कामगाराने आणि एक भाग मालकाने भरायचा. (आज जर्मनीत हा बोजा अर्धा-अर्धा आहे.) आजारपणात दवा आणि थोडा रोजमुराही मिळू लागला. जगभर जे कामगार-विमे पुढे निघाले, त्यांनी थोडाफार हाच कित्ता गिरवला. आपला १९४८ चा राज्य कामगार विमा कायदाही मालक आणि कामगार या जोडीवरच उभा होता.

अडचण आली ती इथेच. ज्याला मालक नाही त्याने काय करायचे? त्याने दोघांचाही वाटा आपल्याच खिशातून भरायचा! ज्याची मिळकत सर्वांत बेभरवशाची, त्याचाच हप्ता सर्वांत जड. बहुतेक कलावंतांनी त्यावर सोपा उपाय काढला. विमाच काढला नाही.

म्युनिकच्या संग्रहालयात कार्ल श्पिट्सवेग याचे १८३९ सालचे ‘गरीब कवी’ हे चित्र आहे. माळ्यावरची खोली, गळके छप्पर, त्याखाली उघडून टांगलेली छत्री. कवी अंगावर पांघरूण ओढून, डोक्याला टोपी घालून अंथरुणात बसला आहे, आणि शेगडीत जाळायला स्वतःच्याच कागदांचे बाड ठेवले आहे. जर्मन माणसाला हे चित्र फार प्रिय. गमतीचे आहेच ते. पण कलावंत म्हणजे उपाशी आणि तरी खुशाल, अशी जी एक समजूत समाजाच्या डोक्यात बसते, तिला असली चित्रे खतपाणी घालतात, असे मला वाटते. खोलीत खोकणाऱ्या माणसाला क्षय झाला आहे की काय, हे कोणी विचारीत नाही.

ही समजूत मोडायला १९६९ साल यावे लागले. त्या वर्षी जूनमध्ये कोलोन शहरात जर्मन लेखकांची संघटना स्थापन झाली, आणि हाइनरिख ब्योल या कादंबरीकाराने तिथे भाषण केले. भाषणाचे नावच ‘विनयाचा शेवट’. लेखकाच्या घामावर प्रकाशक, वृत्तपत्रे, नभोवाणी यांचे एवढे व्यवहार चालतात, मग लेखकानेच संकोच का करायचा, हा त्याचा रोख होता. पुढे तीन वर्षांनी ब्योलला नोबेल पारितोषिक मिळाले. पण कलावंतांच्या दृष्टीने हे भाषण काही कमी मोलाचे नव्हे. मग कार्ला फोरबेक आणि आन्द्रेआस वीझांट या दोघांनी १९७२ साली लेखकांच्या आणि १९७५ साली सर्वच कलावंतांच्या मिळकतीची आणि राहणीची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात म्हातारपणाची आणि आजारपणाची तरतूद नसलेली माणसे पानोपानी भेटली. तोवर जे कुजबुजीत होते ते आता आकड्यांत आले, आणि आकड्यांना सरकार उत्तर देते.

तरीही कायदा सहजासहजी झाला नाही. मसुदे आले, अडले, पुन्हा आले. प्रकाशक आणि चित्रदालनांचे चालक नाराज होते. शेवटी २७ जुलै १९८१ रोजी कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९८३ पासून तो अमलात आला. ‘क्युन्स्टलर-झोत्सियाल-कासे’, म्हणजे कलावंतांची सामाजिक विमा-पेढी, उत्तर समुद्राकाठच्या विल्हेल्म्सहाफेन या आरमारी गावात बसली. कलेच्या पेढीसाठी हे गाव कसे निवडले? त्या वेळचे मजूरमंत्री हेर्बर्ट एरेनबेर्ग तिथूनच निवडून येत, असे लोक डोळे मिचकावून सांगतात.

आता या कायद्यातली खरी युक्ती पाहा. कलावंताचा मालक एक नाही, हे कायद्याने कबूल केले. पण त्याच्या कलेवर व्यवहार करणारे अनेक आहेत! प्रकाशक, नाटकगृहे, वाद्यवृंद, नभोवाणी, चित्रदालने, सर्कशी, जाहिरातवाले. हे सगळे मिळून मालक, असे कायद्याने मानले. हप्त्याचा अर्धा भाग कलावंताचा. उरलेल्या अर्ध्यापैकी शंभरातले ३० हे व्यवहार करणारे भरतात आणि २० केंद्र सरकार. समजा, एखादी चित्रकर्ती सगळा खर्च वजा जाता महिन्याला १,००० युरो मिळवते. म्हातारपणाच्या विम्याचा दर शेकडा १८.६, आजारपणाचा मूळ दर शेकडा १४.६. तिला त्यातले अर्धेच, म्हणजे ९३ आणि ७३ युरो भरावे लागतात. वर थोडा जादा हप्ता आणि शुश्रूषा-विम्याचे पैसे. हीच बाई या पेढीबाहेर असती तर दोन्ही अर्धे तिच्याच माथी आले असते, आणि मिळकत फारच कमी असली तरी आजारपणाचा हप्ता एक ठरावीक किमान मिळकत धरूनच आकारला असता.

व्यवहार करणाऱ्यांचा वाटाही मोठ्या धूर्तपणाने ठरवला आहे. कलावंताला दिलेल्या मोबदल्यावर शेकडा काही रक्कम त्यांनी पेढीकडे भरायची. २०२५ साली हा दर शेकडा ५ होता. म्हणजे १०,००० युरोंची चित्रे काढून घेतली की ५०० युरो पेढीला. आणि ज्याला पैसे दिले तो विमेदार असो वा नसो, रक्कम भरायचीच. का बरं? नाहीतर उद्या जो तो विमा नसलेल्यालाच काम देईल, आणि विमेदार उपाशी मरतील.

प्रकाशक वगैरे मंडळी थेट घटना-न्यायालयात गेली. आम्ही यांचे मालक नव्हे, मग आमच्यावर हा भुर्दंड का? ८ एप्रिल १९८७ रोजी न्यायालयाने कायदा उचलून धरला. कलावंत आणि त्याची कला बाजारात नेणारा यांचे नाते इतिहासातून वाढलेले, एकमेकांवाचून न चालणारे आहे. ते मालक-नोकराच्या नात्याच्या फार जवळ जाते, असा निकालाचा आशय होता. निकाल लागला म्हणून सगळे भरू लागले, असे मात्र नाही. कित्येक धंदेवाल्यांनी वर्षानुवर्षे काणाडोळा केला. २००७ साली कायदा दुरुस्त करून निवृत्तिवेतन विम्याच्या तपासनिसांना हिशेबाच्या वह्या तपासायला लावले, तेव्हा कुठे वसुली वाढली.

सर्वांत मोठी गंमत झाली ती ‘कलावंत कोण?’ या वादात. कायद्याने कलेची व्याख्या करण्याचे शहाणपणाने टाळले. जो संगीत, रंगभूमी वा चित्र-शिल्प निर्माण करतो, सादर करतो किंवा शिकवतो तो कलावंत, एवढेच म्हटले, आणि लेखक-पत्रकारांना त्यांच्या जोडीला बसवले. झाले, न्यायाधीशांना काम मिळाले! २००७ साली सामाजिक न्यायालयाने गोंदणारा हा या कायद्यापुरता कलावंत नव्हे, कारागीर, असा निर्णय दिला. दोन वर्षांनी त्याच न्यायालयाने दूरचित्रवाणीवरच्या एका गायन-स्पर्धेचे परीक्षक मात्र कलावंत ठरवले, कारण त्यांचे शेरे हीच करमणूक! गोंदणाऱ्याला हे ऐकून काय वाटले असेल, कोण जाणे. आपल्याकडे हा कायदा असता तर पोवाडे गाणारा, कीर्तनकार, रांगोळी काढणारा, बोर्ड रंगवणारा पेंटर यांच्यावरून किती खटले रंगले असते, याची आपणच कल्पना करा.

एक योगायोग मात्र सांगितला पाहिजे. ज्या १९८१ साली जर्मनांनी हा कायदा केला, त्याच साली आपल्या संसदेने चित्रपट-कामगारांच्या कल्याण-निधीचा कायदा केला. सेन्सॉरकडे येणाऱ्या प्रत्येक कथापटामागे निर्मात्याकडून तेव्हा १,००० रुपये उपकर घ्यायचा आणि त्यातून औषधपाण्याची वगैरे मदत करायची. कल्पना तीच: कलेवर जो व्यवहार करतो त्याने काही भरावे. पण चित्रपटाच्या पडद्याबाहेरचे सगळे, म्हणजे तमाशाचा फड, नाटकाचा पडदा ओढणारा, चित्रकार, यांना त्याची सावली नव्हती. आणि तो उपकरही पुढे रद्द झाला.

जर्मन पेढीतही उंबरठा आहे. वर्षाला ३,९०० युरोंपेक्षा जास्त मिळकत दाखवता आली पाहिजे. नवशिक्यांना पहिली तीन वर्षे ती अट माफ. दरवर्षी कलावंताने पुढच्या वर्षाच्या मिळकतीचा अंदाज स्वतःच लिहून पाठवायचा. या अंदाजाच्या कागदावर किती जण पेन हातात धरून तासन् तास बसत असतील! उद्या चित्र विकले जाईल की नाही, हे कोणाला ठाऊक? आणि २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा तर नाटकगृहे, सभागृहे, दालने यांना कुलपेच लागली; सगळेच अंदाज कोसळले. तेव्हा सरकारने ही किमान मिळकतीची अट २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे बाजूला ठेवली. ज्यांनी त्या काळात एक सूरही विकला नाही, त्यांचीही विम्याची कार्डे दवाखान्यात चालत राहिली.