उकिरड्याला हवा हवी

कंपोस्ट हा शब्द इंग्रजी असला, तरी ते खत करण्याची जगभर गाजलेली एक पद्धत इंदूरची आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती बसवली. चिनी शेतकरी शतकानुशतके काडीकचऱ्याचे खत करीत. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी आपल्या १९११च्या पुस्तकात त्याचे वर्णन केले होते. या परंपरेमागचे नियम प्रयोगाने शोधून ते इथल्या शेतकऱ्याला झेपतील असे मांडणे, हे काम इंदूरला झाले.

रीत साधी होती. दोन-तीन फूट खोल खड्ड्यात पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपायचे आणि तीन महिन्यांत तीनदा सारे वरखाली करायचे. खड्डा उथळ ठेवायचा तो तळापर्यंत हवा पोचावी म्हणून. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचले की हवेची वाट बंद होते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच ढीग रचायचा.

हवेचा एवढा आग्रह कशासाठी? ऑक्सिजन मिळाला की जिवाणू आणि बुरश्या भराभर काम करतात. ढीग साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि पदार्थातील कार्बन मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. हा कार्बन वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. ऑक्सिजन संपला, की निराळ्याच सूक्ष्मजीवांचे राज्य सुरू होते. त्यांच्या कामातून मिथेन तयार होतो. व्होल्टा यांनी १७७६ साली इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या दलदलीत गोळा केलेला ज्वलनशील वायू तो हाच. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो, तर वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट.

इंदूरच्या संशोधकांपुढे हा प्रश्न नव्हता. त्यांना जमिनीचा कस राखायचा होता. पुढे सी. एन. आचार्य यांनी शहरांच्या कचऱ्यासाठी बंगलोर पद्धत काढली. तीत कचरा आणि मैला यांचे थर चरात घालून वरून माती लिंपत. खत वरखाली करण्याची मजुरी वाचली, माश्या कमी झाल्या, नत्रही टिकले. मात्र आतली हवा लवकरच संपे. तेव्हा हिशेब मांडला जाई तो नत्राचा. मिथेनचा हिशेब पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आला.

तो किती मोठा आहे, हे कचराभूमीवर दिसते. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. ओला-सुका एकत्र, थरावर थर, वरच्या भाराने दबलेला. आत हवा शिरत नाही, म्हणून खालचे अन्न आणि पालापाचोळा वर्षानुवर्षे मिथेन सोडत राहतात. हा वायू अशा ठिकाणच्या आगींना हातभार लावतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर दूरवर पसरला होता.

इंदुरात २०२२ साली रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा प्रकल्प सुरू झाला. तिथे हवाबंद टाक्यांत मुद्दाम मिथेन तयार करून तो इंधन म्हणून वापरण्याची योजना आहे. म्हणजे ओल्या कचऱ्याला दोनच वाटा चांगल्या: भरपूर हवा, किंवा पूर्ण बंद टाकी आणि निघालेल्या वायूचा वापर. हवाही नाही आणि वायू धरण्याची सोयही नाही, ही तिसरी वाट महागात पडते.

घरात आणि शाळेत पहिली वाट सहज जमते. विद्यार्थ्यांना दोन कुंड्यांत भाजीची देठे आणि सुका पाला घालू द्या. एक कुंडी भोकांची, आठवड्याला ढवळलेली. दुसरी बिनभोकांची, पाण्याने थबथबलेली. मिथेनला स्वतःचा वास नसतो, पण हवा कोंडली की त्याच्या सोबतीने दुर्गंधी वायू तयार होतात. हॉवर्ड आणि वाड यांनी हवेसाठी एवढी खटपट का केली, ते मुलांना नाकानेच कळेल.