बर्फावरची जाळी कोणी विणली?



भातलावणीच्या दिवसांत डोक्यावर इरलं घेऊन वाफ्यात वाकलेली बाई आपल्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. काहींनी तर स्वतःच इरलं घेऊन लावणी केली असेल. बांबूच्या पट्ट्या विणायच्या, त्यावर पानं बसवायची, की दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते. ज्या मुलखात जशी अडचण, तसं तिथल्या माणसांनी साधन काढलं.

आज आम्ही अशाच एका साधनाची गोष्ट सांगणार आहोत. ते आपल्या कामाचं नाही, कारण ते आहे बर्फावर चालायचं. पण त्याची गोष्ट आपल्या कामाची आहे.

उत्तर अमेरिकेत, आजच्या कॅनडाच्या मुलखात, हिवाळ्यात कमरेइतका भुसभुशीत बर्फ साचतो. त्यात पाय टाकला की मांडीपर्यंत आत जातो. चार पावलांत दम लागतो. चिखलातून जायचं तर आपण फळी टाकतो, म्हणजे भार पसरतो आणि पाय रुतत नाही. तिथल्या लोकांनी ती फळी पायालाच बांधली, पण हलकी करून. लाकडाची वाकवलेली चौकट आणि मध्ये चामड्याच्या दोरीची जाळी. इंग्रजीत तिला स्नोशू म्हणतात.

क्री, इनू, डेने अशा तिथल्या मूळ लोकांमध्ये बहुतेक ठिकाणी कामाची वाटणी ठरलेली होती. लाकूड तासून, वाकवून चौकट करायची पुरुषांनी. जाळी विणायची बायकांनी. हे विणकाम सोपं नव्हतं. कॅरिबू नावाच्या हरणाचं किंवा मूस या मोठ्या सांबरासारख्या जनावराचं कच्चं कातडं घ्यायचं, केस काढायचे, आणि ओलं असतानाच कडेने गोल गोल कापत एकच लांबलचक वादी काढायची. मग हाडाच्या किंवा लाकडाच्या सुईने ती ओली वादी चौकटीत विणायची. वाळली की ती आवळते आणि जाळी ताठ होते. पायाखाली जाड वादी, पुढच्या-मागच्या टोकांना बारीक. चवड्यासमोर एक भोक ठेवायचं, म्हणजे पाऊल उचलताना बोटं खाली जातात आणि टाच मोकळी राहते. एक वीण सैल राहिली तर रानात, घरापासून कोसभर लांब, माणूस अडकलाच.

प्रत्येक जोड घालणाऱ्याच्या वजनाला आणि चालीला बेतून केलेला असे. उघड्या माळावर लांबट, झाडीच्या डोंगराळ भागात आखूड आणि गोलसर, कारण लांब जोड झुडपात अडकतो आणि चढावर वळवता येत नाही.

आता इतिहासाकडे येऊ. 1670 मध्ये लंडनमध्ये हडसन्स बे कंपनी निघाली. तिला हवी होती बीव्हर या पाण्यातल्या जनावराची कातडी. कंपनीचे लोक गोरे, बर्फाला नवखे. हिवाळ्यात ठाण्याबाहेर पडायचं तर पायात स्नोशू पाहिजेत, आणि ते विणणार कोण? तिथल्याच बायका. पण कंपनीच्या पगारपत्रकावर त्यांची नावं नव्हती. लंडनच्या साहेबांना तर ठाण्यांवर राहणाऱ्या या बायका खर्चाचीच बाब वाटत.

1802 मध्ये यॉर्क फॅक्टरी या मोठ्या ठाण्यावरच्या अधिकाऱ्यांनी लंडनला उत्तर लिहिलं. त्याचा मतलब असा, की या बायका म्हणजे तुमच्या नोकरच आहेत. त्या कातडी साफ करून टिकवतात, स्नोशूची दोरी करतात, जाळी विणतात, माणसांसाठी चामड्याची पायताणं शिवतात. हे नसेल तर दुसऱ्या व्यापाऱ्यांपुढे आपला टिकाव लागणार नाही. मैत्रिणींनो, कंपनी निघाल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी ही गोष्ट मालकाला पत्र लिहून समजवावी लागली.

त्याआधीची एक हकीकत सांगतो. सॅम्युएल हर्न हा याच कंपनीचा माणूस. तांब्याची खाण शोधायला तो उत्तरेत निघाला. दोन वेळा त्याला अर्ध्यातून परतावं लागलं. मग त्याला माटोनाबी नावाचा डेने पुढारी भेटला. त्याने कारण सांगितलं, तुम्ही बायका बरोबर नेल्या नाहीत. ओझं कोण वाहणार, तंबू कोण उभारणार, कपडे कोण शिवणार? एक बाई दोन पुरुषांइतकं ओझं ओढते, असंही तो म्हणाला. बायकांशिवाय लांबचा प्रवास होत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यासाठी त्यांना मान द्यावा, हे मात्र त्याच्या मनात आलं नाही.

1772 च्या जानेवारीत, 11 तारखेला, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या दक्षिणेला, हर्नच्या सोबत्यांना बर्फात एक अनोळखी स्नोशूचा माग दिसला. माग काढत गेले तर एक लहानशी झोपडी, आणि आत एक तरुण बाई, एकटी. ती डॉग्रिब जमातीची होती. दुसऱ्या टोळीने हल्ला करून तिच्या माणसांना मारलं होतं आणि तिला पकडून नेलं होतं. तिचं तान्हं मूलही त्यात गेलं. ती पळाली, पण घरची वाट सापडली नाही. सुमारे सात महिने तिने माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं.

तिच्याजवळ लोखंडाच्या पट्टीचा पाच-सहा इंचांचा तुकडा होता, त्याची तिने सुरी केली होती. बाणाच्या टोकाचा दांडा होता, तो आरीसारखा वापरत होती. एवढ्या दोन हत्यारांवर तिने स्वतःसाठी पूर्ण स्नोशू केले होते. चौकटही तिनेच केली आणि जाळीही तिनेच विणली. सशाच्या पायाच्या शिरा वळून फासे लावले, सशाच्या कातड्याचे उबदार कपडे शिवले, दगडावर दगड घासून विस्तव पाडला. रिकाम्या वेळी वाळुंजाच्या सालीची दोरी वळत होती, वसंतात मासे धरायला जाळं करायचं म्हणून. म्हणजे ती नुसती जगत नव्हती, पुढच्या हंगामाची तयारी करत होती. तिची तब्येतही चांगली होती, असं हर्नने लिहिलं आहे.

इथवर ऐकून आपल्याला अभिमान वाटतो. पण पुढचंही सांगायला हवं. त्याच संध्याकाळी तिच्यासाठी पुरुषांच्या कुस्त्या लागल्या. जो जिंकेल त्याची ती बायको. एकामागून एक कितीतरी जणांनी तिला जिंकलं आणि गमावलं. हर्नने तिच्या सुरीची लांबी लिहिली, दोरीचा हिशोब लिहिला. तिचं नाव लिहिलं नाही.

पुढे शहरांत स्नोशू हौसेचे झाले. 1840 च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये क्लब निघाले, तेही सुरुवातीला पुरुषांचेच. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जीन आणि बिल प्रेटर या भावांनी डोंगरासाठी नवा नमुना काढला. लाकडाऐवजी ॲल्युमिनियमची नळी, जाळीऐवजी मजबूत कापड, खाली धातूचे दात. त्यानंतर कंपन्यांनी बायकांसाठी वेगळे जोड काढले. अरुंद आणि हलके, शेपटीकडे निमुळते, लहान पायाला घट्ट बसतील असे. रुंद जोड घातला की पाय फाकवून चालावं लागतं, एका पायाचा जोड दुसऱ्यावर पडतो, आणि संध्याकाळी कंबर दुखते.

आज जी बाई असा जोड निवडते, ती काय पाहते? पहिलं, वजन. नुसतं आपलं नाही, पाठीवरच्या ओझ्यासकट. दुसरं, बर्फ. भुसभुशीत असेल तर मोठा जोड, दबलेला असेल तर लहान. तिसरं, जमीन. डोंगर असेल तर आखूड जोड, खाली आणि कडेला दात, आणि टाचेखाली उचलता येणारी दांडी, म्हणजे चढावर पोटऱ्या भरून येत नाहीत. बंद आवळून बघते, आणि तेही हातमोजे घालून, कारण थंडीत उघड्या बोटांनी बंद सोडवता येत नाही. चढताना चवडा बर्फात रोवायचा, उतरताना गुडघे किंचित वाकवून टाचेवर भार द्यायचा. आणि कितीही चांगला जोड असला तरी कडा कोसळण्यापासून तो वाचवत नाही, म्हणून उभ्या उतारावर नव्या बर्फात जायचं नाही.

मापाचं साधन ही चैन नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुरुषाच्या उंचीचा फवारणी पंप पाठीला लावून आपण दिवस काढलेच आहेत. क्री बाईला हे तेव्हाच ठाऊक होतं, जोड घालणाऱ्याला बेतून करायचा.

आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत ‘गटाने पापड केले’ एवढंच लिहू नका. कोणी लाटले, कोणी वाळवले, कोणी बाजारात नेले, ते नावानिशी लिहा. अडीचशे वर्षांपूर्वी बर्फात एकटीने स्नोशू करणाऱ्या बाईची सगळी कारागिरी कागदावर आली, नाव तेवढं राहिलं. आपल्या वहीत ते राहू द्यायचं नाही.