पदवीवरचे नाव

लातूरहून आम्ही विद्यार्थ्यांना तेरच्या वस्तुसंग्रहालयात नेतो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती, हस्तिदंती बाहुली पाहून पोरांची छाती फुगते. रोमपर्यंत व्यापार करणारे तगर आपलेच! अभिमान खोटा नाही. मला मात्र त्या काचेच्या कपाटापुढे टेंभुर्णी आठवते.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जाळण्यात आले. त्या राखेतले कोणी काय जपले? घर जळालेला माणूस काळवंडलेले भगुनेही घासून पुन्हा चुलीवर चढवतो; संग्रहात ठेवायला त्याच्यापाशी उरते काय? उरले ते विद्यापीठाचे नाव. त्यासाठीच २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले. नांदेड, लातूर त्यात गेले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाविषयी तक्रार नाही. निजामाविरुद्धच्या लढ्याचे ते नेते होते. पण ज्या जिल्ह्याने नावापायी राख सोसली, तिथल्या पोरांच्या पदवीवरून ते नाव आठ महिन्यांत गेले.

परवा एकाने विचारले, "सर, नामांतर कुठल्या विद्यापीठाचं झालं?"

"आपल्याच," मी म्हणालो.

त्याने हातातली गुणपत्रिका माझ्यापुढे धरली.