वजन कमी करण्याचं ऑपरेशन : सुरतेत करून घेण्याआधी आणि गावी परतल्यावर

सुरत : 'सुरतचं जेवण आणि काशीचं मरण' ही गुजरातीतली म्हण उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यातल्या खानदेशी घरांनाही पाठ आहे. सकाळी लोचो-खमण, चांदनी पडव्याला घारी, हिवाळ्यात उंधियू आणि पोंक; त्यात गावाकडून आलेली शेवभाजी, वरण-बट्टी, खापरावरचे मांडे. खाणं दोन्ही राज्यांचं, पण अंगमेहनत मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. कापड मार्केटमध्ये गादीवर बसून दिवस जातो, लूमवर बारा तासांची पाळी, रात्रपाळीत गोड चहा, झोप अर्धी. मग चाळिशीच्या आत साखर, बीपी, गुडघे आणि घोरणं मागे लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले.

'बॅरिएट्रिक सर्जरी' हा शब्द मराठी घरांत खऱ्या अर्थाने पोचला तो 2011 मध्ये, नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. आज सुरतेतल्या खाजगी रुग्णालयांतही ती होते आणि नंदुरबार, नवापूर, धुळ्याकडचे लोक त्यासाठी रेल्वेने इकडे येतात. अडचण ऑपरेशनच्या दिवशी सहसा येत नाही. ती येते सहा महिन्यांनी, वर्षाने, पेशंट गावी परत गेल्यावर आणि तपासण्या सुटल्यावर. म्हणून निर्णय घेताना 'ऑपरेशन जमेल का' यापेक्षा 'पुढची तपासणी आणि गोळ्या आयुष्यभर जमतील का' हा प्रश्न आधी विचारायला हवा.

कोणासाठी आहे, कोणासाठी नाही

हिशेब बीएमआयवर चालतो : किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. भारतीयांमध्ये कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयविकार सुरू होतो, म्हणून आपल्याकडचे आकडे युरोप-अमेरिकेपेक्षा खाली धरतात. बराच काळ चालत आलेला नियम असा : बीएमआय 37.5 च्या वर असेल तर ऑपरेशनचा विचार, आणि 32.5 च्या वर असून सोबत मधुमेह, बीपी, झोपेत श्वास अडकणं असं काही असेल तरीही विचार. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा आणखी शिथिल केली. आशियाई लोकांमध्ये 27.5 पासून डॉक्टर हा पर्याय मांडू शकतात, असं त्यात म्हटलं आहे. मांडू शकतात म्हणजे करायलाच हवं असं नाही.

पाच फूट तीन इंच, म्हणजे 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईचं उदाहरण घेऊ. तिच्यासाठी 37.5 म्हणजे 96 किलो आणि 32.5 म्हणजे 83 किलो. तिचं वजन 85 असेल आणि साखर आटोक्यात येत नसेल, तर जुन्या नियमानेही ती वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरते.

पण विमा कंपनीचं गणित वेगळं आहे आणि इथे बरेच लोक फसतात. विमा नियामक 'इर्डाई'च्या 2019 च्या सूचनांनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला संरक्षण मिळण्यासाठी वय 18 पूर्ण हवं, बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त हवा. नाहीतर 35 च्या वर असून हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा टाइप-2 मधुमेह यांसारखा आजार हवा, आणि आधी साधे उपाय करूनही वजन उतरलं नाही हे दाखवता यायला हवं. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या बाईला डॉक्टर हो म्हणतील, पण 35 म्हणजे जवळपास 90 किलो होत असल्याने विमा कंपनी नाही म्हणू शकते. शिवाय अनेक पॉलिसींमध्ये दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. आहारतज्ज्ञाची चिठ्ठी, वजनाच्या नोंदी, साखरेचे रिपोर्ट जपून ठेवावेत. दावा करताना तेच उपयोगी पडतात. खर्च रुग्णालय आणि पद्धतीनुसार साधारण अडीच ते पाच लाखांच्या घरात जातो. रेशनकार्ड महाराष्ट्राचं, राहणं गुजरातमध्ये, अशा कुटुंबांनी सरकारी योजनेत बसेल असं गृहीत धरू नये. तारीख घेण्याआधी रुग्णालयाच्या योजना कक्षात कार्ड दाखवून लेखी उत्तर घ्यावं.

लग्नाआधी मुलीला 'बारीक करून घ्यायचं' म्हणूनही काही घरं डॉक्टरकडे जातात. हे कारण पुरेसं नाही. ही कॉस्मेटिक शस्त्रक्रिया नव्हे. जठर कापल्यावर ते परत लावता येत नाही.

पोटात नेमकं काय होतं

सध्या जास्त होतात त्या दोन पद्धती. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी उरते. कापलेल्या भागातच घ्रेलिन हे भूक लावणारं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं, म्हणून खाणं कमी होतं आणि भूकही मंदावते. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न मधला रस्ता टाळून जातं. मधुमेह जुना असेल किंवा छातीत जळजळ फार असेल तर डॉक्टर बहुधा बायपासकडे कल देतात, कारण स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते. 'मिनी बायपास'चं नाव लहान असलं तरी तो बायपासच आहे, जीवनसत्त्वांच्या कमतरतेचा धोका त्यातही आहे.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, चार-पाच छिद्रांतून होते. पेशंटला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. आधी एंडोस्कोपी, रक्त, थायरॉइड, हृदय, गरज असेल तर झोपेची तपासणी होते. यकृत लहान व्हावं म्हणून दोनेक आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात. तंबाखू, मावा, विडी बंद, आणि ती पुढेही बंदच. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर 'आम्ही काय वेडे आहोत का' म्हणून रागवू नये. मन उदास झालं की खायची सवय आहे का, दारूचं व्यसन आहे का, हे आधी कळलेलं बरं. गुजरातमध्ये दारूबंदी असली तरी सीमा काही तासांवर आहे, आणि बायपासनंतर दारू पटकन आणि जोरात चढते.

संमतीपत्र गुजराती किंवा इंग्रजीत असतं. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी मराठी येणारा माणूस सोबत बसवून ओळ न् ओळ समजून घ्यावी. हा पेशंटचा हक्क आहे, कोणावर उपकार नाही.

आकडे खरे, पण पूर्ण ऐकावे

स्लीव्हने एकूण वजनाच्या साधारण पाव, बायपासने थोडं जास्त वजन उतरतं. 'शंभराचे साठ होतील' असं कोणी आधीच सांगत असेल तर सावध राहावं. मधुमेहाबाबत सर्वात बोलका आकडा स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचा आहे : ऑपरेशननंतर दोन वर्षांनी 72 टक्के लोकांचा मधुमेह गेलेला होता, दहा वर्षांनी तो आकडा 36 टक्क्यांवर आला. म्हणजे फायदा मोठा आहे, पण 'साखर कायमची गेली' असं म्हणणं बरोबर नाही. साखर नॉर्मल आल्यावरही तपासणी बंद करायची नाही.

जीवाचा धोका अनुभवी हातात कमी, हजारात एक ते तीनच्या आसपास, असतो. टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं या मुख्य भीती. घरी आल्यावर नाडी 120 च्या वर जाणं, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप, पोटरी सुजणं, पाणीही न टिकणं, यापैकी काही झालं तर 'गॅस असेल' म्हणत रात्र काढू नये. नंदुरबारला असाल तर ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्याला आधी फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावं, गाडीची वाट पाहत बसू नये.

इजिप्तच्या इमान अहमदचं प्रकरण अजून लोकांच्या लक्षात आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये सुमारे 500 किलो वजन सांगितलेल्या इमानला मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं, 7 मार्चला स्लीव्ह झालं आणि वजन बरंच उतरलं. पण तिला पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, जनुकीय दोषही आढळला होता. घरच्यांची अपेक्षा आणि डॉक्टरांचं म्हणणं यातलं अंतर उघडपणे बातम्यांत आलं. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि 25 सप्टेंबरला ती गेली. इतक्या टोकाच्या केसवरून ऑपरेशन वाईट ठरत नाही. पण काट्यावरचा आकडा उतरणं आणि माणूस उठून चालू लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरच्यांनी कशाची आशा धरायची हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

इंजेक्शनचा पर्यायही आता आहे. टिर्झेपाटाइड 2025 च्या मार्चमध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये भारतात आलं. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी 15 टक्के, टिर्झेपाटाइडच्या मोठ्या डोसने 20 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत आलं, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. मर्यादेच्या जवळ असणाऱ्यांनी सर्जनसोबत मधुमेहतज्ज्ञालाही विचारावं.

खानदेशी ताटात काय उरतं

पहिले दोन आठवडे फक्त पातळ : ताक, गाळलेलं वरणाचं पाणी, पातळ सूप, प्रोटीन पावडर. पुढचे दोन आठवडे मऊ-घोटलेलं : मुगाचं वरण, दही, मऊ खिचडी, अंडं. भाकरी साधारण दोन महिन्यांनी, तीही दुधात किंवा वरणात कुस्करून. अर्धी वाटी पुरते. रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं पोचवणं हे खरं काम. शाकाहारी घरात ते वरण, पनीर, दही, सोया आणि पावडर धरून कसंबसं बसतं. जेवताना पाणी नाही, आधी-नंतर अर्धा तास नाही. घास बारीक चावायचा. घाई केली की उलटी.

गोडाचं वेगळं आहे. बायपासनंतर आमरस, घारी, पुरणाचा मांडा पोटात गेला की थोड्याच वेळात घाम, धडधड, जुलाब, गरगरणं होऊ शकतं. याला 'डंपिंग' म्हणतात. घरच्यांना ते नाटक वाटतं. लग्नात मावशी-मामी 'एक घास तर घे नं' म्हणतात, न घेतला तर रुसतात. ऑपरेशन कोणाला न सांगता केलेल्यांची इथेच सर्वात जास्त पंचाईत होते.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुधा परत येतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून बरेच डॉक्टर सहा महिने गोळी देतात. पोटाची, दंडाची कातडी लोंबते; व्यायामाने थोडा फरक पडतो, पूर्ण जात नाही. पहिल्या वर्षात सारखी उलटी होत राहिली तर बी-1 कमी होऊन मेंदूवर परिणाम होऊ शकतो, ते तातडीचं समजावं. लूमवर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या आणून खाणं बायपासनंतर बंद. जोडाच्या जागी अल्सर होऊन तो फुटू शकतो.

बायकांसाठी : पहिले बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि अनेकींना अनपेक्षित दिवस जातात. सासरी लपवलं असेल तरी गरोदरपणाच्या डॉक्टरला सांगायलाच हवं. गरोदरपणात साखर तपासायला गोड ग्लुकोज पाजतात. बायपास झालेल्या बाईला त्यानेच डंपिंग होतं, त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तपासावं लागतं. लोह, बी-12, फोलिक ॲसिड यांचं प्रमाणही आधी पाहावं लागतं.

फाइल गावी न्यायची

मल्टिव्हिटामिन, बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे कायमचं. बी-12 शरीरात साठलेलं असल्याने कमतरता दोन-तीन वर्षांनी उघड होते : पायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा. तोवर पेशंट शहाद्याला किंवा साक्रीला परतलेला असतो आणि तिथला डॉक्टर नुसती ताकदीची बाटली लावतो, कारण ऑपरेशनचं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून सुरत सोडताना डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशनची नोंदही मागून घ्यावी. कोणती पद्धत, आतडं किती बायपास केलं, तारीख, सर्जनचं नाव, सगळं त्यात असतं. मोबाइलमध्ये फोटो आणि एक प्रत गावच्या डॉक्टरकडे. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, साखर. यातलं रक्त नंदुरबार-धुळ्यात काढता येतं आणि रिपोर्ट सर्जनकडे फोनवर पाठवता येतो. सुरतेचा फेरा वर्षातून एकदा पुरतो. कोणते महिने फोनवर आणि कोणते प्रत्यक्ष, हे पहिल्या भेटीतच ठरवून कागदावर लिहून घ्यावं.