पितळ उघडं पडलं

आमच्या गावात मनगटी घड्याळं आली ती लग्नांतून. सत्तरच्या दशकात नवरदेवाला अंगठी, सायकल आणि घड्याळ द्यायची रीत होती. घड्याळ म्हणजे एचएमटी. सरकारच्या या कंपनीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ साली बंगळुरात घड्याळं करायला घेतली. पुढं त्यांचं ‘जनता’ मास्तर, ग्रामसेवक, कंडक्टर यांच्या मनगटावर दिसू लागलं. रोज सकाळी चावी द्यायची, की दिवसभराची निश्चिंती.

आबांचं ‘जनता’ मामानं दिलेलं. मागच्या झाकणावर आबांचं नाव आणि लग्नाची तारीख त्यानंच कोरून घेतली होती. शेतातली माती आणि घामानं घड्याळ पार कळकटलं होतं. मी आठवीत होतो. मामा त्याच साली वारला होता. दिवाळीला आबांना घड्याळ नवं करून द्यावं, असं माझ्या मनात आलं.

आधी काच घेतली. ती खरी काच नसतेच, ॲक्रिलिक असतं. ओल्या फडक्यावर दातांची पावडर घेऊन गोल गोल घासलं. ओरखडे गेले, काटे लख्ख दिसले. तिथंच हात धजावला. मग पॉलिश पेपरनं केस घासली, झाकणही घासलं. कडांना पिवळं दिसू लागलं, तेव्हा मला वाटलं, आतून सोनंच निघतंय!

तालुक्याच्या घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं. “पोरा, केस पोलादाची असती तर घासून चमकली असती. ही पितळेची, वर क्रोमचा मुलामा. घासला की तो झिजतो, खालचं पितळ उघडं पडतं. मळ काढायचा तर आतलं मशीन काढून ठेवायचं, नुसती केस साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुवायची. बास.”

झाकण पोलादी होतं. ते चकचकीत झालं होतं. पण नाव पुसट झालं होतं आणि तारखेतलं साल गेलं होतं.

“नवं कोरून देऊ?” त्यानं विचारलं.

“नको,” आबा म्हणाले.

घरी आईनं झाकणावरून अंगठा फिरवला. “दादाच्या हातचं एवढंच राह्यलं होतं रं,” एवढंच बोलली. आबांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

२०१६ साली सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. आता शहरातली पोरं जुनी ‘जनता’ शोधत येतात. चकचकीत असेल तर खूश होतात. माझ्याकडचं पाहून एकानं विचारलं, “काका, याला पॉलिश का करत नाही?”

मी त्याला झाकण दाखवलं.