‘डूम’ची बंद दारे

एक छोटा प्रयोग करून पाहा. डोळे मिटून बसा आणि शेजारच्या वर्गात काय चालले आहे ते नुसत्या कानांनी ओळखा. बाक सरकला, तो डावीकडे. कोणी धावत गेले, आवाज दूर जातो आहे. दार लागले, ते जवळचेच. आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच काही कळते. आता कान घट्ट बंद करा आणि डोळे उघडे ठेवा. समोरचे सगळे दिसते, पण पाठीमागे कोणी येऊन उभे राहिले तरी पत्ता लागत नाही. हा प्रयोग ध्यानात ठेवून आपण एका संगणक-खेळाचा इतिहास पाहू या.

या खेळाचे नाव ‘डूम’. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. कथा विज्ञानकथेची आहे. मंगळाच्या फोबोस आणि डीमोस या चंद्रांवरील तळांवर राक्षसी जीव शिरले आहेत आणि एकटा सैनिक त्यांच्याशी लढतो आहे. सैनिकाला जे दिसेल तेच खेळाडूला पडद्यावर दिसते. खेळ हिंसक आहे आणि तो वर्गात आणावा असे मुळीच सुचवायचे नाही. पण अपंग व्यक्तींसाठी एखादी वस्तू सोयीची किंवा गैरसोयीची कशी ठरते, हे समजून घ्यायला त्याच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

न ठरवता झालेल्या सोयी

डूमच्या रचनाकारांनी अपंग खेळाडूंचा वेगळा विचार करून हा खेळ बांधला नव्हता. तरीही त्यात काही सोयी आपसूक आल्या. त्या काळच्या संगणकांचा वेग बेताचा होता, म्हणून डूमचे जग खरे त्रिमितीय नव्हते. एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नसे. वर-खाली नेम धरण्याची सोय नव्हती. शत्रू उंचावर असला तरी बंदूक त्याच्या दिशेने वळवली की पुरे, उंचीचा हिशेब संगणक करी. उडी मारणेही नव्हते. बाणांच्या चार कळा, गोळी झाडण्याची एक आणि दार उघडण्याची एक, एवढ्यावर खेळ चाले. कोणती कळ कशासाठी वापरायची तेही बदलता येई. ज्याला एकच हात नीट वापरता येतो, त्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती.

दुसरे उदाहरण दारांचे. काही दारे निळ्या, पिवळ्या किंवा लाल किल्लीनेच उघडतात. रंगांधळेपणात काहींना लाल रंग काळपट दिसतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये दर १२ जणांत सुमारे एकाला लाल-हिरव्या रंगांत काही ना काही गल्लत होते. अशा खेळाडूला अंधाऱ्या बोळातील लाल पट्टी चटकन ओळखू येईलच असे नाही. पण चुकीच्या दाराशी गेले की कोणत्या रंगाची किल्ली हवी ते पडद्यावर अक्षरांत उमटते. एकच माहिती दोन वाटांनी मिळते, रंगाने आणि शब्दाने.

पडद्याच्या तळाशी सैनिकाचा चेहरा दिसतो. उजवीकडून मार बसला की तो उजवीकडे पाहतो, डावीकडून बसला की डावीकडे. ऐकू न येणाऱ्या खेळाडूला शत्रूच्या दिशेची ही खूण डोळ्यांनी मिळते. सर्वांत सोप्या पातळीवर इजा निम्मी होते आणि सापडणारा दारूगोळा दुप्पट मिळतो. ज्याचे हात सावकाश चालतात त्याला ही पातळी उपयोगी पडते.

जिथे दार बंद होते

अडचणीही तितक्याच खऱ्या होत्या. राक्षसाला सैनिक दिसला की तो ओरडतो, आणि तो आवाज दोन कर्ण्यांतून डाव्या-उजव्या बाजूने कमी-जास्त येतो. पाठीमागच्या धोक्याची ही सूचना कर्णबधिर खेळाडूला मिळत नाही. त्याला दिशा कळते ती मार बसल्यावर. दृष्टिहीन खेळाडूची स्थिती उलटी. शत्रू कुठे आहे ते त्याला ऐकू येते, पण भिंत, वळण आणि दार यांना आवाजच नसतो. म्हणजे जे हलते ते कळते, जे स्थिर आहे ते कळत नाही. आपल्या प्रयोगातही असेच झाले होते. बाक सरकला तेव्हा कळला, भिंतीवरचा फळा मात्र ऐकू आला नाही.

पुढे संगणक वेगवान झाले. जून १९९६ मध्ये त्याच कंपनीचा ‘क्वेक’ आला. त्यातले जग खरोखर त्रिमितीय होते. वर-खाली पाहता येई, उडी मारता येई, पाण्यात पोहता येई. पुढच्या काही वर्षांत अशा खेळांमध्ये एक हात कळफलकावर आणि दुसरा माऊसवर ठेवण्याची रीतच पडली. बहुतेकांनी या बदलाला प्रगती म्हटले. पण एका हाताने डूम खेळणाऱ्याच्या दृष्टीने प्रगतीबरोबर एक दार बंद झाले होते. तंत्रज्ञान पुढे गेले की सगळे पुढे जातात, असे नसते.

ऑगस्ट २००४ मध्ये ‘डूम थ्री’ आला. यातील काही कपाटांना अंकी कुलपे होती आणि त्यांचे आकडे काही ठिकाणी ध्वनिमुद्रित निरोपात सांगितलेले होते. खेळात उपशीर्षके नव्हती. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासमोर कपाट असे, पण ते उघडण्याचा आकडा त्याच्यापर्यंत पोहोचतच नसे. येथे अडचण खेळाडूच्या कौशल्याची नव्हती, अडचण मांडणीची होती.

दुरुस्ती कोणी केली?

डूममध्ये खेळ चालवणारा कार्यक्रम आणि चित्रे, आवाज, नकाशे यांचा साठा एकमेकांपासून वेगळा ठेवलेला होता, त्यामुळे खेळाडूंना नवे नकाशे आणि नवे आवाज घालता येत. डिसेंबर १९९७ मध्ये जॉन कारमॅक यांनी डूमची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. डिसेंबर १९९९ मध्ये क्वेकचीही आज्ञावली खुली झाली. आता कोणालाही आत शिरून दुरुस्ती करता येणार होती.

२००३ मध्ये ब्रिटनमधील मॅथ्यू ॲटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वेक दृष्टिहीनांना खेळता यावा म्हणून काम सुरू केले. त्यातून ‘ऑडिओक्वेक’ तयार झाला. त्यांची युक्ती साधी होती. जे मुके आहे त्याला आवाज द्यायचा. भिंत जवळ आली, बाजूला वाट फुटली किंवा पुढे खड्डा आला की खेळ वेगवेगळ्या ध्वनींनी ते सांगू लागला. दृष्टिहीन व्यक्तीला स्वतःचे नकाशे शब्दांत लिहून बनवता यावेत, अशी भाषाही या गटाने तयार केली. म्हणजे दृष्टिहीन माणसाला खेळाडूबरोबर रचनाकारही होता येऊ लागले.

डूम थ्रीबाबत रीड किंबॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डूम थ्री सीसी’ ही जोड तयार केली. तिने संवादांना आणि इतर ध्वनींनाही लेखी मथळे दिले. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ टू’मध्ये तर निर्मात्यांनीच फक्त संवाद किंवा सगळे ध्वनी अक्षरांत दाखवण्याची सोय दिली. मूळ डूमसाठी ‘टोबी’ नावाची जोड आता उपलब्ध आहे. ती यादीतील पर्याय वाचून दाखवते आणि ध्वनींच्या खुणांनी दृष्टिहीन खेळाडूला वाट काढू देते. १९९३ मध्ये बंद असलेले दार पंचवीसहून अधिक वर्षांनी उघडले, आणि तेही आज्ञावली खुली होती म्हणून.

येथे एक प्रश्न उरतो. ज्याला बाहेर ठेवले गेले, त्यानेच किंवा त्याच्या मित्रांनी पदरचा वेळ घालून दार दुरुस्त करावे, हे रास्त आहे का? दुरुस्ती मागाहून केली तर ती अवघड असते आणि उशिरा मिळते. हे हळूहळू उद्योगालाही उमगले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोठ्या बटणांचे एक नियंत्रक आणले. त्याला पाय, हनुवटी किंवा कोपराने चालणारी बटणे जोडता येतात. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये अशा सोयींसाठी ६० हून अधिक पर्याय सुरुवातीपासूनच होते.

वर्गासाठी काय?

डूमच्या इतिहासातून निघणारे सूत्र एका वाक्यात मांडता येते. महत्त्वाची कोणतीही माहिती एकाच वाटेने देऊ नये. खेळातल्या दाराने रंगाबरोबर शब्दही दिला, म्हणून ते सर्वांना कळले. कपाटाच्या कुलपाने आकडा फक्त आवाजात दिला, म्हणून काहींना ते बंदच राहिले.

आता आपल्या फळ्याकडे पाहा. हिरव्या फळ्यावर लाल खडूने काढलेली आकृती वर्गातल्या प्रत्येकाला दिसते का? नकाशात जंगल हिरव्या आणि डोंगर तपकिरी रंगाने दाखवतो, तेव्हा नावे किंवा वेगळ्या रेघा घालतो का? फळ्याकडे तोंड करून बोलतो, तेव्हा ओठ वाचून समजून घेणाऱ्या मुलाचे काय होते? ‘हे असे इकडे वळते’ असे म्हणतो, तेव्हा कमी दिसणाऱ्या मुलीला कोणते ‘हे’ आणि कोणते ‘इकडे’ कळत असेल?

विद्यार्थ्यांनाही एक काम देता येईल. प्रत्येक गटाने मैदानावरचा किंवा पटावरचा एखादा खेळ निवडावा. त्यात कोणती माहिती फक्त डोळ्यांनी, फक्त कानांनी किंवा फक्त चपळाईने मिळते याची यादी करावी. मग नियमांचा गाभा न बदलता प्रत्येक ठिकाणी दुसरी वाट कशी देता येईल ते सुचवावे. यादी करताना मुलांच्या एक गोष्ट लक्षात येईल. बहुतेक बंद दारे कोणी मुद्दाम लावलेली नसतात. ती लावताना पलीकडे कोण उभे आहे, याचा विचार कोणी केलेला नसतो.